न बघणाऱ्यांची मनधरणी

सोसायटीच्या वार्षिक सभेत तळमजल्यावरचे काका दरवर्षी उठतात आणि तोच प्रश्न विचारतात. "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. मग लिफ्टचे पैसे मी का भरायचे?" सेक्रेटरी दरवर्षी उपविधींचं तेच पान काढून दाखवतात: लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्या सभासदांना सारखा, वापर असो वा नसो. काका पुटपुटत खाली बसतात, सातव्या मजल्यावरचे जोशी मान खाली घालून वेफर्स खातात, आणि सभा पाण्याच्या टाकीकडे वळते.

अमेरिकेत बेसबॉल टीव्हीवर कसं विकलं जातं ते कळायला एवढी सभा पुरे. लिफ्ट म्हणजे बेसबॉलची वाहिनी. जोशी म्हणजे आमच्यासारखे वेडे, ज्यांना मंगळवारी रात्रीचा सिएटलचा सामनासुद्धा बघायचा असतो. आणि काका म्हणजे ज्यांना बॅट आणि धुण्याचं धोपाटणं यातला फरक सांगावा लागतो असे कोट्यवधी लोक. तुम्हाला वाटेल, प्रक्षेपण हक्कांची बोलणी चालतात ती जोशींसाठी. जोशींना त्या खोलीत कोणी चहासुद्धा विचारत नाही. सगळी खेचाखेच काकांच्या खिशावरून असते, आणि ती फिसकटली की अंधार मात्र जोशींच्या पडद्यावर पडतो.

थोडा हिशोब आधी करू. मेजर लीग बेसबॉलचे, म्हणजे एमएलबीचे, संघ 30, प्रत्येकाचे सामने 162. म्हणजे हंगामात 2,430 सामने, मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत, जवळजवळ रोज. एवढे सामने राष्ट्रीय वाहिन्यांवर मावणं शक्यच नाही. म्हणून प्रत्येक संघ आपले सामने आपल्या भागातल्या प्रादेशिक क्रीडावाहिनीला विकतो. बॉस्टनचा संघ बॉस्टनच्या टापूत दिसतो, सेंट लुइसचा सेंट लुइसच्या. घोडं अडतं ते माणसं गाव बदलतात तेव्हा. बॉस्टनला एमएस करायला आलेला ठाण्याचा मुलगा दोन वर्षांत रेड सॉक्सच्या नादी लागतो, आणि नोकरी लागते डेन्व्हरला. तिथे त्याचा संघ होतो 'आउट ऑफ मार्केट', म्हणजे परगावचा. परगावचे सामने हवे असतील तर वेगळे पैसे मोजून पॅकेज घ्यायचं. केबल आणि डिशवर त्याचं नाव 'एमएलबी एक्स्ट्रा इनिंग्ज', इंटरनेटवर 'एमएलबी टीव्ही'. इंटरनेटवरचा पहिला सामना 26 ऑगस्ट 2002 ला दाखवला गेला, टेक्सास रेंजर्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. त्या काळच्या इंटरनेटवर चेंडू दिसला असेल असं मला वाटत नाही, पण धंद्याला चेंडू दिसण्याची गरज नसते.

आता 'कॅरेज' हा शब्द. आपल्याकडे कॅरेज फी म्हणजे वाहिनीने केबलवाल्याला दिलेले पैसे: बाबा रे, मला तुझ्या तारेतून जाऊ दे. तिकडे क्रीडावाहिनीच्या बाबतीत गंगा उलटी वाहते. माल वाहून नेणारा हमालच मालाच्या मालकाला पैसे देतो, आणि ते तुमच्या बिलातून वसूल करतो. बिल नीट वाचलंत तर खाली कुठेतरी 'रिजनल स्पोर्ट्स फी' अशी एक ओळ सापडते. ही ओळ तुम्ही मागवलेली नसते आणि काढूनही मिळत नाही. हीच ती लिफ्ट.

वाहिनी आणि केबल कंपनी यांच्या करारावर पहिला आकडा असतो तो दर ग्राहक दर महिना किती. प्रादेशिक क्रीडावाहिनीचा हा दर एकेका घरामागे पाच डॉलरच्या घरात जाऊ शकतो. पण नवखा माणूस या आकड्यावर हुज्जत घालत बसतो आणि तिथेच फसतो. खरा डाव पुढच्या कलमात आहे: वाहिनी कोणत्या 'टियर'मध्ये ठेवायची. बेसिक टियर म्हणजे जे सगळ्यांच्या ताटात आपोआप वाढलं जातं, वरण-भातासारखं. स्पोर्ट्स टियर म्हणजे ज्याला हवं त्याने वेगळं मागवायचं, श्रीखंडासारखं. बेसिकमध्ये पन्नास सेंट दर मिळाला तरी वाहिनीवाला पेढे वाटतो, कारण दोन कोटी घरांचे पन्नास सेंट महिन्याला एक कोटी डॉलर होतात. स्पोर्ट्स टियरमध्ये त्याला घरामागे तीन डॉलर द्या, तो तोंड वाकडं करतो. मागवणारी घरं वीस लाखांवर गेली नाहीत तर हातात येतात साठ लाख. म्हणून करारात किमान टक्का लिहून घेतात: तुमच्या एकूण ग्राहकांपैकी इतक्या टक्क्यांच्या घरी वाहिनी गेलीच पाहिजे. त्यामागून दरवर्षीची ठरलेली वाढ येते. मग सामन्यांची किमान संख्या, आणि ती भरली नाही तर किती सूट.

आणि सगळ्यात गोड कलम म्हणजे 'मोस्ट फेव्हर्ड नेशन', बोलीभाषेत एमएफएन. उद्या तू दुसऱ्या कोणाला याहून स्वस्त दिलंस, तर तोच भाव मलाही आपोआप लागू. थोरल्या जावयाला सोन्याची अंगठी दिली की धाकटाही बोट पुढे करतो, तसं. या एका कलमापायी कितीतरी साधे सौदे अडकतात. वाहिनीला लहानशा केबल कंपनीला सूट द्यायची मनापासून इच्छा असते, पण तिला दहा सेंट सोडले तर मोठ्या चौघांनाही सोडावे लागतात. मग लहान कंपनीचं घोंगडं भिजतच राहतं.

कराराची मुदत नेहमी मध्यरात्री संपते, आणि शक्यतो हंगामाच्या तोंडावर. हा योगायोग नाही. ऑक्टोबरात वाहिनी बंद केली तर कोणाला काही कळतही नाही. मार्चच्या अखेरीला बंद केली की फोन खणखणू लागतात. शेवटच्या आठवड्यात पडद्याच्या तळाशी पट्टी फिरू लागते: 'तुमची केबल कंपनी तुमचा आवडता संघ काढून घेते आहे, आत्ताच या क्रमांकावर फोन करा.' केबल कंपनी दुसऱ्या वाहिनीवर आपली पट्टी फिरवते: 'या वाहिनीने अवाच्या सवा भाव मागितला आहे, तुमचं बिल कमी ठेवण्यासाठी आम्ही लढतो आहोत.' दोन्ही पट्ट्या खऱ्या असतात. लढतातही आणि मागतातही. आणि तडजोड झाली की बिल वाढतं, हेही तितकंच खरं.

या सगळ्याचा नमुना म्हणून 2007 सालचं प्रकरण मला फार प्रिय आहे. त्याआधी एक्स्ट्रा इनिंग्ज केबलवर मिळत होतं, आणि डायरेक्टीव्ही व डिश नेटवर्क या दोन्ही उपग्रहवाल्यांकडेही. जानेवारीत बातमी फुटली की लीग हे पॅकेज एकट्या डायरेक्टीव्हीला देणार. सात वर्षं, सुमारे 70 कोटी डॉलर. परगावच्या सामन्यांचं वेड असलेली केबलची घरं एका रात्रीत अनाथ व्हायची वेळ आली. तुम्ही म्हणाल, मग डायरेक्टीव्हीची डिश लावून घ्यावी. पण छतावरची तबकडी दक्षिणेकडे तोंड करून बसवावी लागते. समोर झाड, उंच इमारत किंवा नाठाळ घरमालक असेल तर खेळ खलास. भाड्याच्या घराची खिडकी उत्तरेला असेल, तर तुमची निष्ठा कितीही जाज्वल्य असो, उपग्रह काही जागा बदलत नाही.

मॅसॅच्युसेट्सचे सेनेटर जॉन केरी यांनी हा मुद्दा उचलून धरला. रेड सॉक्सच्या गावचा माणूस, मतदारांतले निम्मे हिवाळ्यात फ्लोरिडाला पळणारे, त्यामुळे कळवळा अस्सल होता. 27 मार्चला सेनेटच्या वाणिज्य समितीपुढे सुनावणी झाली. ज्या देशात आरोग्यविम्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत होता, तिथे डेन्व्हरमधल्या माणसाला बॉस्टनचा सामना दिसेल का यावर सेनेट बसली. मी याची थट्टा करत नाही; हा प्रश्न मला व्यक्तिशः अधिक निकडीचा वाटतो.

तोवर लीगने केबलवाल्यांपुढे एक दार किलकिलं ठेवलं होतं: महिनाअखेरपर्यंत तुम्हीही डायरेक्टीव्हीइतकंच द्या, मग तुम्हालाही पॅकेज. केबलवाल्यांच्या वतीने बोलणारी कंपनी होती 'इन डिमांड', कॉमकास्ट, टाइम वॉर्नर आणि कॉक्स यांच्या मालकीची. तिने मार्चमध्ये जाहीर केलं, ठीक, आम्ही बरोबरी करतो. लीगने उत्तर दिलं, ही बरोबरी नव्हेच.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण सगळी गोम इथेच आहे. लीगला 2009 मध्ये स्वतःची चोवीस तास बेसबॉल वाहिनी सुरू करायची होती. डायरेक्टीव्हीने ती बेसिकमध्ये, म्हणजे काकांच्या ताटात वाढायचं कबूल केलं होतं. डायरेक्टीव्हीचे ग्राहक तेव्हा सुमारे दीड कोटी. इन डिमांड म्हणालं, डायरेक्टीव्ही जितक्या घरांत वाहिनी देईल, किमान तितक्याच घरांत आम्ही देतो. ऐकायला किती न्याय्य! पण एकट्या कॉमकास्टचेच ग्राहक दोन कोटींच्या वर होते, बाकीचे वेगळे. तितक्याच घरांत द्यायची म्हणजे केबलच्या निम्म्याहून जास्त घरांना वगळता येत होतं. लीगला हवं होतं तितकंच प्रमाण. 'तितकेच' आणि 'तितक्याच प्रमाणात' या दोन शब्दांमधल्या फटीत कोट्यवधी काका उभे होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपल्यावरून भांडण चाललंय.

हंगाम 1 एप्रिलला सुरू झाला. मुदत टळलेली. पहिल्या दिवशी केबलवर परगावचे सामने नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत. 4 एप्रिलला तडजोड झाली. नव्या वाहिनीत एक तृतीयांश हिस्सा डायरेक्टीव्ही आणि केबलवाल्यांना मिळून मिळाला, दोन तृतीयांश लीगने ठेवला, आणि केबलवाल्यांनी वाहिनी बेसिकमध्ये घेतली. मालकी मिळाल्याबरोबर त्यांना अचानक पटलं की बेसबॉल प्रत्येक घरात असायलाच हवं. 1 जानेवारी 2009 ला 'एमएलबी नेटवर्क' सुरू झालं ते सुमारे पाच कोटी घरांत. अमेरिकन केबलच्या इतिहासात कुठलीही वाहिनी एवढ्या घरांत जन्माला आली नव्हती. त्या पाच कोटींतल्या किती घरांनी ती लावली, हा प्रश्न विचारणं म्हणजे सेक्रेटरीला लिफ्टच्या फेऱ्या मोजायला सांगणं. डिश नेटवर्कवाले मात्र या जेवणावळीला आलेच नाहीत. त्यांच्या ग्राहकांनी त्या वर्षी परगावचे सामने विसरून जायचे होते.

योगायोग बघा, त्याच 2007 मध्ये भारतात कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण खासगी वाहिनीने प्रसार भारतीलाही द्यायचं. आपण प्रश्न असा सोडवला की ज्याने पैसे भरले नाहीत त्यालाही दाखवा. त्यांनी असा सोडवला की ज्याला बघायचं नाही त्याच्याकडूनही घ्या. दोन्ही लोकशाह्याच.

समजा, पॅकेज घेतलं. पैसे भरले, 30 संघ तुमचे. आता तुमची गाठ ब्लॅकआउटशी. एक्स्ट्रा इनिंग्ज असो वा एमएलबी टीव्ही, त्यात फक्त परगावचे सामने असतात. गावच्या संघाचा सामना त्यात काळा, कारण तो प्रादेशिक वाहिनीला विकलेला आहे आणि तिला काकांकडून पैसे घ्यायचे आहेत. तुम्ही केबल तोडून शंभर-दीडशे डॉलरच्या पॅकेजवर गावचा संघ बघू लागलात तर काका उद्या विचारतील, मीही तोडू का? म्हणून पडदा काळा. इथवर मान्य. पण 'गाव' म्हणजे किती मोठं, ते संघांनी स्वतःच आखून घेतलं आहे, आणि आखताना कोणी हात आखडता घेतलेला नाही.

आयोवा राज्याचं उदाहरण वर्गात शिकवण्यासारखं आहे. आयोवात मेजर लीगचा एकही संघ नाही. तरी त्यावर सहा संघांचा हक्क होता: शिकागोचे कब्ज आणि व्हाइट सॉक्स, मिनेसोटा, मिलवॉकी, कॅन्सस सिटी आणि सेंट लुइस. राजधानी डेस मॉइन्सपासून मिनियापोलिस जवळपास मुंबई ते कोल्हापूर एवढं लांब, आणि मिलवॉकी त्याहून कितीतरी पुढे. पूर्ण वेळापत्रकाच्या दिवशी 15 सामने असतात. हे सहाही संघ त्या दिवशी बाहेरच्यांशी खेळत असतील तर 15 पैकी 6 सामने आयोवात बंद. यातल्या काही वाहिन्या स्थानिक केबलवर येतच नसत, म्हणजे केबल घेऊनही नाही आणि पॅकेज घेऊनही नाही. स्वतःचा एकही नवरा नाही आणि सासवा सहा. लास वेगासची स्थितीही अशीच होती, तिथेही सहा संघ हक्क सांगायचे. कॅनडात तर टोरंटो ब्लू जेजनी अख्खा देशच आपला म्हणून लिहून घेतला. व्हँकुव्हरहून सिएटल चार तासांच्या आत आहे आणि टोरंटो रस्त्याने चार हजारांवर किलोमीटर दूर, पण 'गावचा संघ' टोरंटोच.

याहून भारी बाल्टिमोरचं. 2005 मध्ये मॉन्ट्रियलचा संघ वॉशिंग्टनला हलवला तेव्हा बाल्टिमोर ओरिओल्सनी सांगितलं, वॉशिंग्टन आमच्या हद्दीत येतं. भरपाई म्हणून दोन्ही संघांचे सामने दाखवणाऱ्या वाहिनीत बहुतांश हिस्सा बाल्टिमोरला मिळाला. म्हणजे शेजाऱ्याने नवं घर बांधलं आणि त्याच्या दुकानाचा गल्ला मोजायला आपण बसायचं. वॉशिंग्टनला दर किती द्यायचा यावरचा वाद 2025 पर्यंत कोर्टकचेऱ्यांत चालला. एवढ्या काळात आपल्याकडे बांधाची भांडणंसुद्धा कधी कधी मिटतात.

कायदा काय करतो, असं कोणी विचारेल. कायद्याचं एक जुनं लाडकं बाळ आहे. 1922 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. संघ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, तिकिटं विकतात, पण ते आनुषंगिक. या निकालाच्या आडोशाला लीग दशकानुदशकं बसली होती. 2012 मध्ये काही प्रेक्षकांनी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला: प्रदेश वाटून घेऊन तुम्ही आम्हाला 30 संघांचं गाठोडं घ्यायला लावता, आम्हाला हवा असतो एक. 2014 मध्ये न्यायाधीश शीरा शाइंडलिन यांनी म्हटलं की ती जुनी सवलत टीव्हीच्या करारांपर्यंत पोचत नाही. खटला उभा राहण्याच्या तोंडावर, जानेवारी 2016 मध्ये, लीगने समझोता केला. एमएलबी टीव्हीचं पूर्ण गाठोडं 129.99 वरून 109.99 डॉलरवर आलं आणि एकाच संघाचं पॅकेज 84.99 ला मिळू लागलं. 29 संघ वगळले की 25 डॉलर वाचतात, म्हणजे एकेका संघाची किंमत एका डॉलरहूनही कमी. स्वतःच्या मालाची इतकी प्रामाणिक किंमत कोणी लावल्याचं मला आठवत नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो, कारण त्या कोणी वेळेवर सांगत नाही. पैसे भरण्याआधी लीगच्या संकेतस्थळावर आपला झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, टाकून बघा. कुठले संघ काळे होणार ते तिथे दिसतं. डिशवर ब्लॅकआउट तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून ठरतो. अॅपवर तो ठरतो तुम्ही आत्ता कुठे आहात त्यावरून, त्यामुळे सुट्टीत शिकागोला गेलात की शिकागोचे सामने बंद. काही सामने राष्ट्रीय वाहिनीला खास विकलेले असतात, ते पॅकेजमध्ये सगळ्यांनाच बंद. गाव-परगाव असा भेद तिथे नाही. शुक्रवारी रात्रीचे काही सामने 2022 पासून अॅपलकडे गेले, ते आणखी वेगळे. वर्गणी दरवर्षी हंगामाआधी आपोआप नव्याने कापली जाते. तारीख कॅलेंडरात लिहून ठेवा, नाहीतर संघ बदलला तरी जुनं लग्न चालूच राहतं. टी-मोबाइल या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना 2016 पासून हे पॅकेज फुकट देत आले, पण हंगामाच्या सुरुवातीला थोड्याच दिवसांत मागून घ्यावं लागतं. रेडिओचं समालोचन मात्र कुठेच काळं होत नाही. आवाजावर कोणी हद्द आखलेली नाही, कारण आवाजासाठी काका पैसे देत नाहीत.

काका सगळे मिळून उठले तर काय होतं, तेही आता दिसलं आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सनी 25 वर्षांचे हक्क टाइम वॉर्नरला 835 कोटी डॉलरला विकले आणि 2014 मध्ये नवी वाहिनी सुरू झाली. मागणी होती घरामागे महिना पाच डॉलरच्या जवळपास. बाकीच्या कंपन्या म्हणाल्या, आमच्या काकांना हे परवडत नाही. डायरेक्टीव्हीवर ती वाहिनी आली एप्रिल 2020 मध्ये. मधल्या सहा हंगामांत, लॉस एंजेलिसच्या बहुसंख्य घरांना लॉस एंजेलिसचा संघ दिसला नाही. पॅकेज घ्यावं तर संघ गावचा, म्हणून काळा. विन स्कली 67 हंगाम डॉजर्सचं समालोचन करून 2016 मध्ये निवृत्त झाले. त्यांची शेवटची वर्षं न्यूयॉर्कच्या पॅकेजवाल्याने ऐकली. त्यांच्याच गावातल्या बहुतेकांना टीव्हीवर ती मिळाली नाहीत.

मग 2019 मध्ये सिंक्लेअर या कंपनीने 21 प्रादेशिक क्रीडावाहिन्या जवळजवळ एक हजार कोटी डॉलरला विकत घेतल्या, तेही काका केबल तोडून चालते होत असताना. इमारत रिकामी होत असताना लिफ्टचा ठेका घेण्यासारखं हे होतं. त्याच वर्षी डिश नेटवर्कने त्या वाहिन्या काढल्या, पुढच्या वर्षी इंटरनेटवरून वाहिन्या देणाऱ्या यूट्यूब टीव्ही आणि हुलूने. 14 मार्च 2023 ला वाहिन्यांची मालक असलेली डायमंड स्पोर्ट्स ही उपकंपनी 800 कोटी डॉलरहून अधिक कर्ज घेऊन दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. 31 मे 2023 पासून सॅन डिएगोचे सामने लीगनेच दाखवायला घेतले, महिना 19.99 डॉलर, ब्लॅकआउट नाही. इतकी वर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं, ते एका रात्रीत झालं. सुंठेवाचून खोकला गेला. गंमत दराची आहे: काकांसकट सगळ्यांकडून घेताना घरामागे पाचेक डॉलर पुरत होते, एकट्या जोशींकडून घ्यायचे तर वीस. लिफ्टचा खरा भाव जोशींना पहिल्यांदा कळला.

परगावच्या पॅकेजचीही सोयरीक नुकतीच बदलली. फेब्रुवारी 2025 मध्ये लीग आणि ईएसपीएन यांनी काडीमोड जाहीर केला, नोव्हेंबरात पुन्हा लग्न लागलं, आणि या वेळी हुंड्यात एमएलबी टीव्ही आलं: 2026 ते 2028 ते विकण्याचे हक्क ईएसपीएनकडे. रविवार रात्रीचे सामने एनबीसीला, होम रन डर्बी ही फटकेबाजीची स्पर्धा नेटफ्लिक्सला. सगळ्या मोठ्या करारांची मुदत 2028 मध्येच संपावी अशी आखणी आहे, म्हणजे लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना सगळ्या संघांचे स्थानिक हक्क एकत्र करून एकदमच बाजार मांडता येईल. तेव्हा पट्ट्या फिरतील त्या बघण्यासारख्या असतील, दिसल्या तर.

आता एक हिशोब, कागदावरचाच. सेंट लुइसचा घरचा सामना संध्याकाळी पावणेसातला सुरू होतो, तेव्हा सांगलीत पहाटेचे सव्वापाच वाजलेले असतात. भारतातून घेतलेल्या एमएलबी टीव्हीला हे हद्दीचे ब्लॅकआउट नाहीत. म्हणजे सांगलीतला धाकटा भाऊ दुधाची पिशवी आत घेऊन, चहा टाकून सेंट लुइसचे कार्डिनल्स आणि शिकागोचे कब्ज यांचा सामना थेट बघू शकतो. डेस मॉइन्समधल्या थोरल्याकडे तेच पॅकेज असूनही काळा पडदा, कारण तो दोन्ही संघांच्या 'गावात' राहतो. 2023 मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ, आल्यापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो, आणि आटोपल्यावर साधारण दीड तासाने त्याचं चित्रण थोरल्यासाठी खुलं होतं. म्हणजे रात्रीचे अकरा. तोवर सांगलीत सकाळचे साडेनऊ होतात आणि धाकटा ऑफिसला निघतो.

"दादा, स्कोअर सांगू का?"

"खबरदार. आणि ग्रुपवरही काही टाकू नकोस."

"वहिनी काय करतायत?"

"तिच्या मालिका बघतेय. केबलवर."

"त्या बिलात ती स्पोर्ट्सवाली फी आहे का अजून?"

"आहे ना. साडेतेरा डॉलर."